मी दाराबाहेर गेलो नाही

माझा पुतण्या आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापतो आहे. त्यानं मला हस्तलिखित वाचायला दिलं. त्यात त्याच्या आईवर, म्हणजे माझ्या धाकट्या भावजयीवर, चार ओळी आहेत. शेवटची ओळ अशी: "मुंबईस मोठे उपचार झाले, परंतु बहिणीने पथ्य न सांभाळल्याने आतड्याचा विकार जडून त्या निवर्तल्या."

हे वाक्य खोटं आहे. आमच्या घरात, रनाळ्यात आणि आमच्या सगळ्या सोयऱ्यांत ते तीस वर्षं खरं म्हणून चालत आलं आहे, आणि ते चालू दिलं मी. पुतण्याला मी समासात लिहून दिलं, 'हे चूक आहे, बदल.' त्यानं विचारलं, "काका, मग काय लिहू?" मी सांगितलं. त्यानं पुढे जे केलं ते शेवटी सांगतो. त्याचा मला अजून संताप आहे. आधी काय घडलं ते क्रमानं लिहितो.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मी रनाळ्याच्या लोकलबोर्डाच्या मराठी शाळेत पहिला असिस्टंट होतो. हेडमास्तर निवृत्त झाले होते आणि त्यांचा चार्ज माझ्याकडे होता. धाकटा भाऊ शेती पाहायचा. त्याच्या बायकोला अंगावरून जाऊ लागलं. घरातल्या बायकांनी सहा-सात महिने आपसांतच औषधपाणी केलं. मग नंदुरबारच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ आहे, मुंबईला न्या, तिथं आता रेडियमचे उपचार होतात.

कापूस वेचणीला आला होता. भावाला शेत सोडता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो मुंबईला घाबरत होता. घरात थोडंफार इंग्रजी येणारा मी एकटा. तेव्हा मी जायचं ठरलं. बाईमाणूस सोबत हवं म्हणून भावजयीची धाकटी बहीण कळसाडीहून आली. ती लहानपणीच विधवा झालेली, माहेरीच राहणारी, कामाला वाघ आणि तोंडानं फटकळ. आम्ही तिघं नंदुरबारला गाडीत बसलो, सुरतेला गाडी बदलली, आणि सैनिकांच्या ट्रंकांवर बसून मुंबई गाठली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मी तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे सून जेठासमोर पदर हनुवटीपर्यंत ओढते आणि त्याच्याशी बोलत नाही. त्याच्या देखत दुसऱ्याशीही मोठ्यानं बोलत नाही. काही हवं असलं तर भिंतीला सांगते नाहीतर पोराला. लग्न होऊन चौदा वर्षं एका घरात राहूनही मी तिचा आवाज नीट ऐकला नव्हता. मुंबईत पाच आठवडे मी तिच्याबरोबर होतो आणि तिचा चेहरा पाहिला नाही. पाय पाहिले. तिसऱ्या आठवड्यात ते इतके वाळले की जोडवी गळून पडू लागली. बहिणीनं ती दोऱ्यानं बांधून दिली.

आम्ही एका धर्मशाळेत उतरलो होतो. रोज सकाळी मी तिला इस्पितळात न्यायचो. पोटाच्या खालच्या भागावर बाहेरून किरण देत. ते पुरे झाले की आत रेडियमच्या बारीक नळ्या ठेवायच्या, अशी योजना. डॉक्टर वयस्क होते, मराठी छान बोलत. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बसवून समजावलं.

"मास्तर, या किरणांना गाठ कुठली आणि आतडं कुठलं हे कळत नाही. मागं आतडं आहे, पुढं मूत्राशय आहे. दोन-तीन आठवड्यांनी जुलाब सुरू होतील. थोडे झाले तर चालतील. पण फार झाले, आव पडली, रक्त पडलं, तर मला त्याच दिवशी सांगायचं. आपण दहा-पंधरा दिवस थांबू, आतडं निवू देऊ, मग पुढं. आणि जेवण मऊ. तिखट बंद."

मी शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान हलवली. सगळं कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू झाले. मला ते कळलं धर्मशाळेतल्या रांगेवरून. सकाळी संडासापुढे माणसं डबे घेऊन उभी असत आणि भावजयीला तेवढा धीर धरवेना. तिची बहीण रांगेतल्या लोकांना कोपरानं बाजूला सारत तिला पुढं न्यायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची, "इतली मोठी मुंबई बांधी, आन संडास चारच! बांधनारले पोट नव्हतं का?" लोक हसून वाट देत. मग नळावर बसून ती बहिणीची लुगडी धूत बसे. दिवसातून तीनदा, चारदा.

एक दिवस ती ओले हात पुसत माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"दादा, ताईले बरं नही शे. सकाळपाईन बारा येळा जायेल शे. डॉक्टरले सांगा."

"मुंबईचं पाणी शे ते," मी म्हटलं. "लागस सगळास्ले. माले बी लागेल शे."

"तुम्हले रगत पडस का?"

ती थांबली नाही. "दादा, मी धुवस ते लुगडं. मी देखेल शे. शेंबडासारखं पडस आन त्यामा रगत. कुंथी कुंथी ती अर्धी व्हई गई."

"सांगतो," मी म्हटलं.

आमच्या तापीकाठच्या माणसाला परमुलखात पोट बिघडलं की पहिलं सुचतं ते पाणी. सुरत ओलांडली की 'पाणी लागलं' म्हणायला आम्ही मोकळे. पहिले दोन दिवस मलाही तेच वाटलं होतं, एवढं मी माझ्या बाजूनं म्हणू शकतो. रक्ताचं ऐकल्यावर नाही. रक्ताचं ऐकल्यावर मला डॉक्टरांचा शब्द न् शब्द आठवला.

पण त्याच आठवड्यात शाळेतून पत्र आलं होतं. डेप्युटीसाहेब तपासणीला यायचे होते. चार्ज माझ्याकडे असला तरी हेडमास्तरी कायम झाली नव्हती, आणि दुसरा असिस्टंट डेप्युटीसाहेबांच्या गावचा. तपासणीच्या दिवशी मी शाळेत नसतो तर ती जागा त्याची होती. मी दिवस मोजले. उपचार ठरल्याप्रमाणे संपले तर मी तपासणीच्या चार दिवस आधी घरी. पंधरा दिवस थांबलं तर नाही.

नंतर अनेक वर्षं मी स्वतःला दुसरं कारण सांगत आलो: एकदा थांबवून घरी नेली असती तर भावानं पुन्हा पाठवली नसती, गाठ वाढली असती. हेही खोटं नाही. पण ते मला नंतर सुचलं. त्या दिवशी माझ्या डोक्यात डेप्युटीसाहेब होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काय मास्तर, पोट कसं आहे?"

"ठीक आहे. दोनदा जावं लागतं. पाणी बदललंय जरा."

"रक्त?"

"नाही."

भावजय माझ्यापासून दोन हातांवर बाकावर बसली होती. मराठी तिला चांगलं कळत होतं. पदर हलला नाही.

तिथली नर्स मात्र हुशार होती. तिनं भावजयीच्या पायांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबता का? मी बाईंशी बोलते."

"त्यांना मराठी येत नाही. अहिराणी बोलतात. तुम्हाला कळणार नाही," मी म्हटलं. "मी सांगतो ना."

"बघू तरी कळतं का."

"मी इथंच थांबतो."

मला माहीत होतं की मी उभा आहे तोवर ती तोंड उघडणार नाही. जेठाच्या देखत बाई आपल्या शौचाबद्दल बोलणार? आमच्या गावात ती मेली असती पण बोलली नसती. मी हललो नाही. नर्सनं दोन-तीन प्रश्न विचारले, उत्तर आलं नाही, बाहेर माणसं खोळंबली होती, आणि तिनं कागदावर काहीतरी लिहून आम्हाला आत पाठवलं. दार माझ्या मागे होतं. पाच पावलं असतील.

बहिणीनं त्या संध्याकाळी विचारलं, "सांगं का?"

"सांगितलं. चालतं म्हणाले."

"उद्या मी येस संगे."

"इस्पितळाचा पास सोबतच्या एकाचाच आहे."

पास एकाचाच होता, हे खरं. तो मी तिच्या हातात देऊ शकलो असतो. ती माझ्याशी भांडली. धर्मशाळेच्या आवारात, लोकांसमोर. "तुम्ही मास्तर शेतस, आम्हले अक्कल नही, पन लुगडं मी धुवस!" मी तिला गप्प बसवलं. ती विधवा, आश्रित, आणि मी घरातला थोरला. गप्प बसवणं अवघड नव्हतं.

रेडियम ठेवण्याआधी डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. या वेळी त्यांनी नीट बजावलं की आतड्याला सूज असेल तर रेडियम दोन आठवडे पुढे ढकलू, ते आतड्याच्या अगदी जवळ बसतं. मी पुन्हा 'काही नाही' म्हणालो. भावजय आत गेली. दोन दिवस तिला हलू न देता निजवून ठेवलं. बाहेर आली तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं.

मी वेळेवर घरी पोचलो. तपासणी उत्तम झाली. मी हेडमास्तर झालो आणि निवृत्तीपर्यंत हेडमास्तर राहिलो.

गाठ गेली, हेही लिहायला हवं. अंगावरचं जाणं थांबलं, जुलाबही हळूहळू कमी झाले. सहा-आठ महिने ती बरी होती. गावात मला मान मिळाला. पाच आठवडे नोकरी सोडून धाकट्या भावाच्या बायकोसाठी मुंबईत राहिलेला जेठ! ओट्यावर माणसं माझं उदाहरण द्यायची. मी ऐकून घ्यायचो.

मग पुन्हा रक्त पडू लागलं, या वेळी शौचावाटे. कळा येत. आणि एक दिवस आतलं आतडं फुटून मळ नको त्या वाटेनं येऊ लागला. ज्यांच्या घरी हे झालं असेल त्यांना अधिक सांगायला नको. तिला चूल बंद झाली, देवघर बंद झालं. मागच्या पडवीत तिची खाट गेली. तिची पोरं जवळ जायला कचरत. कळसाडीहून बहीण आली आणि पुन्हा लुगडी धुवायला बसली.

धुळ्याच्या डॉक्टरांनी मुंबईला लिहून विचारलं. उत्तराची एक प्रत माझ्या नावे आली, इंग्रजीत. त्यात लिहिलं होतं की अशी इजा काही रुग्णांना होते, सगळी काळजी घेऊनही होते. पण या बाईंच्या कागदांत उपचारांच्या वेळी रक्ताची किंवा आवेची तक्रार नोंदलेली नाही; तशी काही तक्रार होती का, ते कृपया कळवावे. कागदावर उतरलेलं ते माझंच 'नाही' होतं. पत्राला उत्तर पाठवलं नाही.

घरी सगळे विचारायला लागले, काय लिहिलंय? मी म्हटलं, असं होऊ शकतं म्हणतात. माझ्या आईला तेवढ्यानं समाधान होईना. सुनेवर तिचा जीव होता, आणि कुणाला तरी दोष दिल्याशिवाय तिला राहवत नसे.

"होऊ शकस म्हंजे? काही खादं व्हई. मुंबईमा रांधी कोन ऱ्हायनी व्हती? हिनी बहीण!" मग माझ्याकडे वळून, "डॉक्टरनी तिखं बंद सांगं व्हतं का नही?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

एवढंच. यात एक अक्षर खोटं नव्हतं. बहीण मागं पडवीत होती, तिनं ऐकलं. ती बाहेर आली, ओले हात तसेच, आणि माझ्याकडं पाहत उभी राहिली. मी सांगेन म्हणून ती थांबली होती. मुंबईत तिनं बहिणीला ताक-भात आणि मऊ खिचडीशिवाय काही दिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी पेपर उचलला.

"बहीणच ती!" आई म्हणाली. "तिखं खावाडी खावाडी मन्ही सूननं आतडं जाळं."

मग बहीण बोलली. मुंबईत काय झालं ते सगळं सांगितलं, जुलाबाचं, रक्ताचं, मला सांगितल्याचं. भावानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "डॉक्टरांना सगळं सांगितलं होतं." तो विषय तिथं मिटला. थोरल्या भावाचा, हेडमास्तरचा शब्द एकीकडे आणि एका विधवेचा दुसरीकडे. आठ दिवसांत तिला कळसाडीला पाठवून दिलं. पुढं सव्वा वर्ष भावजय जगली; तिची लुगडी कधी माझी बायको धुवायची, कधी मजुरीची बाई, आणि कधी ती दुपारपर्यंत तशीच पडून असायची.

ती गेली तेव्हा बहीण तापी ओलांडून आली. सवाष्ण गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असतं, ते ती घेऊन आली होती. हिरवं. आईनं ते दारातच अडवलं. "जिवंतपनी जाळी, आते लुगडं कसाले?" ओटा माणसांनी भरलेला होता. मी त्यांच्यात बसलो होतो. बहिणीनं एकदा सगळ्यांकडं पाहिलं, घडी काखेत मारली आणि बैलगाडीकडं परत गेली. त्यानंतर ती आमच्या दारात आली नाही.

आता पुतण्याच्या कुलवृत्तांताकडे येतो. त्याला मी सगळं सांगितलं. त्यानं हस्तलिखित मिटलं. मग म्हणाला, "काका, बाबांसमोर सांगाल?" म्हणून मी ओट्यावर गेलो, भाऊ होता, दोन शेजारी होते, आणि सांगितलं. डेप्युटीसाहेबांसकट.

भावानं तंबाखू चोळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "दादा, जाऊ दे ना. आते काय शे त्यामा?"

शेजारचे म्हातारे म्हणाले, "मोठा मानूसनं मन बी मोठं ऱ्हास. दुसरानं पाप अंगवर ली ऱ्हायना."

"अरे, दुसऱ्याचं नाही, माझं आहे!" मी ओरडलो.

"तेच तर," ते म्हणाले. आणि सगळ्यांनी प्रेमानं माना हलवल्या.

पुतण्यानं सुधारलेलं पान आणून दिलं. त्यात आता लिहिलं होतं: "बहिणीने पथ्य न सांभाळल्याची वदंता असली तरी थोरल्या काकांनी थोर मनाने तो दोष स्वतःकडे घेतला." मी ते पान फाडलं. माझं वय झालं म्हणून मला असं वाटतं, असं पुतण्याची बायको आत कुणाला तरी हळू सांगत होती. चांगलं नाव माणसाला इतकं चिकटतं की खरं सांगूनही निघत नाही. आणि तिचं वाईट नाव? तेही निघत नाही.

म्हणून हे लिहिलं. लिहून झाल्यावर मोटारीनं कळसाडीला गेलो. ती आता म्हातारी झाली आहे. भाच्याच्या घरी राहते, उसाच्या शेताकडंची खोली आहे तिची. मला पाहून तिनं पदर डोक्यावर घेतला आणि बसायला गोधडी टाकली. पाणी दिलं. मी कागद वाचून दाखवले. दोन ठिकाणी तिनं मला थांबवलं. एकदा म्हणाली, "बारा नही, पंधरा येळा." मी सुधारायला पेन काढलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

वाचून झाल्यावर मी म्हटलं की डॉक्टरांनीच लिहिलंय, थांबलो असतो तरी इजा झाली असती कदाचित. मला माहीत नाही.

"ते माले बी माहीत नही," ती म्हणाली. "पन मी आठे ऱ्हायनू, आन ती तठे घानमा पडेल व्हती. ते तर माहीत शे ना? मी धुती ना तिनं लुगडं."

मी म्हटलं, एकदा घरी या. भाऊ आहे, पोरं आहेत. मी सगळ्यांना बसवतो आणि तुमच्यासमोर पुन्हा सांगतो. हे कागदच छापायला लावतो.

"ताई शे का आते तठे?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग कसाले येऊ मी?"

ती उठून आत गेली. मला वाटलं, चहा ठेवायला गेली. बराच वेळ बसलो. भाचा आला आणि म्हणाला, "दादा, शेवटली मोटार चुकी जाई." मी कागद तिथंच ठेवून निघालो. पुतण्याला दुसरी प्रत दिली आहे. तो म्हणतो, कुलवृत्तांताला हे जरा लांब होतं.